‘पुस्तकी’ म्हणणाऱ्या वाचकास: अळिंबीच्या खोलीतल्या हवेबद्दल

ढिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) खोलीला एक्झॉस्ट फॅन हवाच, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: “सगळं पुस्तकी आहे. दिवसातून दोनदा दार उघडलं की पुरतं. फॅनने ओल उडते, बेड सुकतात. खर्चाचा आकडा नाही, फोटो जुने, माश्यांचं काय तेही नाही.”

माश्यांचं आधी. हवा आत येते त्या खिडकीला ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० छिद्रं असलेली, जाळी लागते, ते लेखात यायला हवं होतं. मान्य. फोटो आणि खर्चावर मी वेळ घालवणार नाही.

पण ‘पुस्तकी’? मतभेद असू द्यात, मात्र समोरच्याला ओळखत नसताना असं बोलायची ही कुठली रीत? सातारा जिल्ह्यात आमच्या घरामागच्या गोठ्याचीच आम्ही खोली केली. गव्हाचं काड भिजवण्यापासून तोडणीपर्यंत सगळं आईने आणि मी हाताने केलंय. सुरुवातीला आमचंही दारावरच भागत होतं. सकाळी बघावं तर खालच्या मांडणीवरच्या बेडना (काड भरलेल्या पिशव्यांना) बोटभर लांब देठ आणि टोकाला शर्टाच्या बटणाएवढी छत्री. असा माल वजनाला भरत नाही आणि व्यापारी तो बाजूला काढतो.

असे देठ साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होतात. दार उघडलं की तेवढ्यापुरता तो निघून जातो. दार लावलं की बुरशीचा श्वास रात्रभर चालूच. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. छत्री धरायच्या काळात खोलीत तो हजाराच्या आत लागतो. बेडनी भरलेल्या बंद खोलीत रात्रीतून तो त्याच्या पुढे जातो. स्पॉन (अळिंबीचं बियाणं) पसरतानाचे पहिले पंधरा-वीस दिवस खोली बंदच ठेवायची, तेव्हा या वायूने बिघडत नाही. हेही लेखात होतं, तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही.

राहिली ओल. फॅन अखंड चालवला तर ती उडणारच, असा सल्ला दिला कुणी? हवा ओल्या गोणपाटातून आत घ्या, फॅन समोरच्या भिंतीला बसवा, टायमरवर तासातून काही मिनिटं चालवा आणि जोडीला फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी फवारणारं यंत्र) ठेवा. आमच्याकडे आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांत राहते.

मला राग आला तो मात्र आईमुळे. छत्रीच्या कडा वर वळेपर्यंत तोडणी लांबली की बीजाणूंची पांढरी भुकटी खालच्या बेडवर हाताला लागते, आणि तीच हवेत असते. तोडणी करून आली की आई रात्री खोकत बसायची. बीजाणूंनी फुप्फुसाला सूज येते, हे अळिंबीच्या कामगारांत नोंदलेलं दुखणं आहे. आता फॅन आधी चालू करून, मास्क बांधूनच ती आत जाते. “दोनदा दार पुरतं” हे वाचून एखाद्या बचत गटातल्या बाया बंद खोलीत तोडणीला बसल्या तर?

तुमची खोली किती मोठी, बेड किती, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी ते लिहा, आणि नावही लिहा.