देवाला चालतं ते भुंग्याला चालेलच असं नाही

आमच्या भुंग्याला फुलं आवडतात. गावठी कुत्रा, वय वर्षं सहा. सकाळी मी परडी घेऊन गच्चीत गेले की पहिलं जास्वंद त्याचं, मग गणपतीचं. माझी आजी असती तर आम्हा दोघांनाही गच्चीत कोंडलं असतं.

जास्वंद, गुलाबाच्या पाकळ्या, सूर्यफूल, मोगरा, भोपळ्याचं फूल (बेसनात बुडवण्याआधीचं!) एवढं कुत्र्याला चालतं. चालतं म्हणजे एखाद-दुसऱ्या फुलानं त्रास होत नाही, इतकंच. जास्त खाल्लं तर पोट बिघडतंच. हल्ली कुत्र्यांच्या बिस्किटांत वाळलेल्या पाकळ्या घालतात आणि पचन सुधारतं, मन शांत होतं असं छापतात. मला हे पटत नाही. कॅमोमाइलचा चहा आपण झोप यावी म्हणून पितो, पण अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत कॅमोमाइल कुत्र्यांसाठी विषारी वनस्पतींमध्ये आहे. कांद्याच्या फुलाचंही तेच. आपल्या ताटातलं फूल, पण कांदा-लसणाच्या कुळातलं काहीही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं.

आणि आपल्याकडे तर फुलं ताटात कमी, देवघरात जास्त. म्हणजे निर्माल्यात. तिथे काय काय असतं बघा. शेवंती, जिनं कुत्र्याला उलट्या होतात, अंगाला खाज सुटते. महादेवाचा धोतरा, मारुतीची रुई, दोन्ही विषारी. आणि कण्हेर. लाल असो, पांढरी असो की पिवळी बिट्टी, पान, फूल, फळ सगळंच हृदयावर घाला घालणारं. वाळलं तरी विष जात नाही. हे सगळं आपण भक्तिभावानं एका पिशवीत भरतो आणि पिशवी दाराशी ठेवतो, कुत्र्याच्या बरोब्बर नाकासमोर.

सदाफुलीही वाईटच. पण गंमत अशी, की तिच्यातूनच व्हिन्क्रिस्टिन निघतं, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना संसर्गानं होणाऱ्या गाठीच्या कर्करोगावर डॉक्टर तेच इंजेक्शन देतात. विष तेच, मोजून दिलं की औषध. ते मोजायचं काम डॉक्टरांचं, गच्चीतल्या हौशी बायकांचं नव्हे. (हे मी मलाच सांगतेय.)

एवढं सगळं ठाऊक असून मी फसले ती फुलात नाहीच. दोन वर्षांपूर्वी गुलाबाला कळ्या धरेनात म्हणून खत घातलं. सेंद्रिय, म्हणून बिनधास्त. संध्याकाळी पाहते तर भुंग्यानं कुंडी अर्धी उकरलेली, गुलाब शाबूत. रात्री उलट्या, पहाटे रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, कुंडीत कुठली पेंड घातलीत?"

एरंडी पेंड. एरंडाच्या बियांतलं तेल काढून घेतलं की चोथा उरतो आणि त्या चोथ्यात रायसिन हे विष. नीट तापवली असेल तर विष बरंचसं मरतं, पण तापवली की नाही हे माझ्या पिशवीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुत्र्यांना तिचा वास भारी आवडतो. रायसिनवर उतारा असं औषध नाही, सलाईन लावायचं आणि वाट बघायची. भुंग्या चार दिवस सलाईनवर होता. शेजारच्या काकूंनी मायेनं मिठाचं पाणी पाजायला सांगितलं होतं, उलटी होऊन सगळं पडेल म्हणून. डॉक्टर म्हणाले, पाजलं नाहीत ते बरं केलंत, रक्तातलं मीठ वाढून कुत्रं त्यानंच दगावतं.

तेव्हापासून गच्चीत पेंड बंद, फक्त घरचं कंपोस्ट, तेही झाकणाच्या ड्रममध्ये. बाजारची फुलं देवाला, कारण त्यांवर फवारणी कशाची झालीय ते फुलवाल्यालाही सांगता येत नाही. कुत्र्यानं काही खाल्लं अशी शंका आली तर लक्षणांची वाट बघत बसू नका. झाडाचा फोटो काढा, खताची पिशवी घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

जास्वंद मात्र मी अजून देते. पचनासाठी वगैरे नाही. तो पाकळी तोंडात धरून गच्चीभर मिरवतो, मग उन्हात बसून सावकाश चिंध्या करतो. निम्म्या तर खातही नाही. झाडून मलाच काढाव्या लागतात.