आरंभीची शिल्लक

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले होते. निंबाला झोका बांधलेला, चुलीवर पुरण, बाहेर ४४ अंश. भाऊचा मुलगा ओसरीवर शेजारी येऊन बसला. पोलीस भरतीत दोनदा राहिलाय. कुणी ऐकत नाही ना हे बघून हळूच म्हणाला, "फुई, माले सोतामा बदल करना शे. कोठून सुरू करू?" (आत्या, मला स्वतःत बदल करायचाय.)

आतून माय ओरडली, "पहिले आंघोळ कर!"

सगळे हसले आणि विषय तिथेच गेला. संध्याकाळी शेताकडे जाताना मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहितेय. आजकाल बरीच मुलं-मुली हाच प्रश्न विचारतात, आणि त्यांना मिळणारी उत्तरं वाचून माझं डोकं उठतं.

मी कुणी तज्ज्ञ नाही. अमळनेरला एका पतसंस्थेत १९ वर्षं कारकून आहे. तीन वर्षांपूर्वी मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि घर एकदम सुनं झालं. त्याच सुमारास जळगावला व्यक्तिमत्त्व विकासाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. साडेचार हजार भरून गेले. स्टेजवरचे सर म्हणाले, यशस्वी माणसं पहाटे पाचला उठतात. शेजारची चोपड्याची बाई माझ्या कानात म्हणाली, "पाचला? तोवर माझं पाणी भरून झालेलं असतं." माझी माय जन्मभर चारला उठली. शेण, पाणी, भाकरी, मग कापूस वेचायला. कुणी तिला स्टेजवर बोलावलं नाही. (जेवण मात्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.)

तिथून येताना गुळगुळीत कागदाच्या डायरीत अकरा संकल्प लिहून आणले. योगासनं, इंग्रजी, गोड बंद, रोज वीस पानं वाचन, राग नाही, असं बरंच. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. चौतीस अंगठे आले, नणंदेने फुलांचा गुच्छ पाठवला. इतकं बरं वाटलं की जणू काम झालंच. नवव्या दिवसापासून त्या डायरीत किराण्याची यादी लिहायला लागले.

नंतर कळलं की यावर अभ्यासही झालाय. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रयोग छापले. त्यांत कायद्याचे विद्यार्थीही होते. ज्यांच्या इराद्याची दुसऱ्याने दखल घेतली, त्यांनी पुढे प्रत्यक्ष काम कमी केलं. कौतुक आधीच पोटात गेलं की भूक मरते. म्हणून भाच्याला पहिलं हेच सांगितलं, स्टेटस ठेवू नको. (मी आता फेसबुकवर लिहितेय, ते वेगळं. माझे अंगठे तीन वर्षांपूर्वीच घेऊन झालेत.)

पण माझी खरी चूक दुसरीच होती आणि ती मला माझ्याच टेबलावर सापडली. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिताना पहिली ओळ असते आरंभीची शिल्लक. काल संध्याकाळी पेटीत मोजून जे उरलं, तेच आज सकाळी वर लिहायचं. ती ओळ लिहिल्याशिवाय जमाही नाही, नावेही नाही. आणि मी? शिल्लक न मोजता अकरा रकमा सरळ जमा बाजूला मांडून मोकळी. असं ऑफिसात केलं असतं तर तपासणीसाने उभं केलं असतं.

संगणक आल्यावर आमच्याकडे काही जुन्या लांबट वह्या कोऱ्या पडून होत्या. त्यातली एक घरी आणली आणि सात दिवस फक्त लिहिलं. दर अर्ध्या तासाला काय केलं ते. काहीही बदलायचं नाही, सुधारायचं नाही. नियम ऑफिसचेच. आकडा चुकला तर त्यावर गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एक सरळ रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही.

सात दिवसांनी वही बघितली आणि लाज वाटली, रागही आला. लाज मोबाइलची. दिवसाला पावणेतीन तास, आणि मी सगळ्यांना सांगत होते की मला श्वास घ्यायला वेळ नाही. राग दुसऱ्या गोष्टीचा. सकाळी साडेपाच ते नऊ या वेळात माझ्या नावाची एकही नोंद नव्हती. यांचा डबा, यांचा दुसरा चहा, यांचे रुमाल इस्त्री. हो, रुमाल! एकोणीस-वीस वर्षं मी रुमालांना इस्त्री करत होते आणि मागितलं कुणीच नव्हतं. विचारलं तर हे म्हणाले, "मला वाटलं तुला आवडतं."

तेव्हा पहिल्या महिन्यात मी नवीन काहीच सुरू केलं नाही. रुमाल बंद केले. दुसरा चहा ज्याचा त्याने करायचा ठरला. त्यावर आठवडाभर घरात तोंडं वाकडी होती, ते सोसलं. यूट्यूब-इन्स्टावरच्या सल्ल्यात हा भाग कधीच नसतो. तिथे माणूस एकटाच राहतो, त्याला सासू नसते, पाणी कधी येणार याची चिंता नसते, आणि सकाळचा डबा आपोआप भरतो.

त्या वहीतच आणखी एक सापडलं. संध्याकाळी कॅश जुळल्यावर शिक्के-सह्या होईपर्यंत वीसेक मिनिटं मी नुसती बसलेली असते. रोज. तेवढीच जागा धरली. माझ्या मनात कधीपासून जीडीसी अँड ए परीक्षेला बसायचं होतं. सहकार खात्याची परीक्षा, सहा पेपर, आणि तीही मे महिन्यात, म्हणजे आमच्या भट्टीत. अकरातले दहा संकल्प सोडून दिले आणि एकच ठेवला. कॅश जुळली की १९६० च्या सहकार कायद्याचं एक कलम वाचायचं. एकच. मूड असो नसो. कधी कलम दोन ओळींचं निघतं, कधी पोटकलमांत वीस मिनिटं संपतात.

"किती दिवसांत सवय लागते फुई? एकवीस ना?" भाच्याने विचारलं.

एकवीसचा आकडा कुठून आला ते गमतीचं आहे. एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला लोकांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळाला, चेहरा गळाला, एकवीस तेवढे उरले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे प्रयोग केला. एक साधी गोष्ट रोज ठरलेल्या वेळी करायची, जेवणानंतर फळ खाण्यासारखी. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेबाने २५४ निघाले. माझ्या कामाची गोष्ट पुढे होती. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडत नव्हता. हे आधी माहीत असतं तर नवव्या दिवशी डायरी किराण्याला लागली नसती. मला वाटलं होतं, एक दिवस मोडला म्हणजे सगळं मोडलं.

आता ते 'रोज एक टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल'. हिशेब बरोबर आहे, मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला, ३७.७८ येतात. पण माणूस म्हणजे मुदत ठेव नाही. आमच्या अमळनेरला हे चक्रवाढीचं वेड लवकर लागतं, त्याला कारणही आहे. विप्रो १९४५ मध्ये इथेच सुरू झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. तेव्हाचे शेअर जपून ठेवलेल्या घरांच्या गोष्टी गावात अजून सांगतात. पण त्या गोष्टीत शेअर घेऊन ठेवल्यावर करायचं काय होतं? विकायचं नाही, बस. कितीतरी जणांचे कागद ट्रंकेत पडून वाढले. ट्रंकेत ठेवून गुडघा बरा होत नाही आणि कायदा पाठ होत नाही. इथे व्याज रोज स्वतःच्या हाताने टाकावं लागतं, आणि ताप आला, लग्नसराई आली की मुद्दलही खाली येतं. तापातून उठून मी मागची दहा कलमं परत वाचलीत. त्याला तोटा म्हणायचं तर म्हणा.

परीक्षेचं विचाराल तर पहिल्या खेपेला नापास झाले. पुन्हा बसणार आहे.

भाच्याला मी विचारलं होतं, "रोज अभ्यास किती करतोस?"

"आठ तास."

"सोळाशे मीटरला किती वेळ लागतो?"

"व्हई जाई सहा मिनिटमा."

"व्हई जाई का व्हयना?" होऊन जाईल, की झालंय?

गप्प बसला. मग मी त्याला फार काही सांगितलं नाही. पिशवीतून एक कोरी वही काढून दिली, तीन नियम सांगितले आणि म्हटलं, सात दिवस काही सुधारू नको.

परवा सकाळी त्याने व्हॉट्सॲपवर पहिल्या पानाचा फोटो पाठवला. वर 'आरंभीची शिल्लक' असं लिहून खाली रेघ मारली आहे. अभ्यास २ तास १० मिनिटं. मोबाइल ५ तास. १६०० मीटरपुढे आधी ६.५० लिहिलेलं आहे. त्यावर एक सरळ रेघ, वर ७.१२, आणि शेजारी त्याची बारीक सही.