बिलातले दहा रुपये आणि टॅक्सची आवई

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'मॉलमध्ये बिल करताना शाळेसाठी दहा रुपये मागितले तर देऊ नका. कंपनी त्यावर टॅक्स वाचवते आणि वर तेच पैसे सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्याने करायच्या सामाजिक खर्चात, दाखवते. त्यापेक्षा ज्या मालावर शाळेला वाटा मिळतो तो घ्या, आपल्या खिशाला झळ नाही.'

टॅक्सचा मुद्दा साफ खोटा. काउंटरवर गोळा झालेले पैसे दुकानाचे नसतातच, ते फक्त पुढे पोचवायचे. समजा, दुकानाने ते स्वतःच्या उत्पन्नात धरून ८०जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या देणगीवरच्या करवजावटीखाली देणगी दिली, तरी बहुतेक संस्थांच्या बाबतीत वजावट निम्म्याच रकमेवर. उरलेल्या निम्म्यावर कर पदरचा भरावा लागेल. हा कुठला फायदा?

सीएसआरचंही तसंच. कंपनी कायद्याचं कलम १३५ कंपनीच्याच मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के मागतं, गिऱ्हाइकाच्या सुट्ट्या पैशांचे नाही. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत.

आता ती 'झळ नाही' वाली योजना. फॉरवर्डवाल्याने हिशेब केलाच नाही. क्लासमेटच्या वह्यांवर छापलेलं असायचं: चार वह्यांमागे एक रुपया कंपनीच्या ग्रामीण विकासकामाला. म्हणजे डझनाला तीन रुपये, आणि तेही तुमच्या मुलांच्या शाळेला नाहीत. जूनमध्ये मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भावात वह्या घेतल्या तर यापेक्षा जास्त पैसे वाचतात. ते थेट शाळेला द्या ना! अमेरिकेतही आकडे असेच चिमुकले. बॉक्स टॉप्स या शाळांसाठीच्या योजनेत खाऊच्या एका पाकिटामागे १० सेंट. पाकिटावरचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून पालक शाळेत जमा करायचे (हौस दांडगी!). ॲमेझॉनच्या 'ॲमेझॉनस्माइल' योजनेत संस्थेला खरेदीच्या अर्धा टक्का, म्हणजे हजाराला पाच रुपये. ती योजना फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने बंदच केली. टार्गेट या तिथल्या दुकानसाखळीची कार्डावरच्या खरेदीतून शाळेला १ टक्का देण्याची योजना २०१६ मध्येच गुंडाळली गेली होती. अशा पैशांवर शाळेने वर्षाचं बजेट बांधायचं?

घ्यायचीच आहे ती वस्तू घेताना वाटा जात असेल तर उत्तमच. पण शाळेच्या नावाखाली नको असलेलं तेल-साबण ट्रॉलीत टाकू नका.

आणि मॉलचं बिल म्हणजे ८०जीची पावती नव्हे. वजावट हवी तर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र लागतं, तेही जुन्या करप्रणालीत असाल तरच.

दहा रुपये मागितले की एकच विचारा: कुठल्या संस्थेला? नाव बिलावर छापून येत असेल तर खुशाल द्या. कॅशियर मॅनेजरकडे बघायला लागला, तर 'नको' म्हणा. मागे रांग कुरकुरली तर कुरकुरू दे.