बॉसला तुमची कदर आहे, तुम्हालाच ती दिसत नाही

हल्ली ज्याला त्याला एकच तक्रार, ऑफिसात आपली कदर होत नाही. अहो पण कदर करणं हे बॉसचं काम आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी? त्याला काय कमी कामं आहेत का, तुमचं काम स्वतःच्या नावाने वर पाठवायचं असतं, त्याच्या स्लाइड्स असतात, म्हणजे त्या पण तुम्हीच बनवता म्हणा, पण उभं राहून दाखवाव्या तर त्यालाच लागतात ना. तेव्हा कदर होतेय असं वाटून घेणं ही जबाबदारी तुमची. थोडी प्रॅक्टिस लागते, मग जमतं.

सुरुवात सोप्या गोष्टीपासून करा. रात्री अकराला "जागा आहेस का" असा मेसेज आला की लगेच तोंड वाकडं करायचं नाही. एवढी माणसं ऑफिसात, पण त्या वेळी त्याला आठवण तुमचीच आली, आणि वर किती समजूतदारपणा की अर्जंट नाहीये, सकाळी नऊच्या आत दिलंस तरी चालेल. सुट्टीचंही तेच. "बिनधास्त जा रे, फक्त फोन चालू ठेव आणि लॅपटॉप जवळ असू दे" याला नाही म्हटलं असं कोण म्हणेल?

मग येतं क्रेडिट. मोठ्या मीटिंगमध्ये बॉस "आम्ही हे करून दाखवलं" म्हणाला तर नाराज कशाला व्हायचं, त्या "आम्ही"मध्ये कुठेतरी कोपऱ्यात तुम्ही आहातच की. आणि तुमचं नाव कधी येतच नाही असं थोडंच आहे, काही बिघडलं की येतं, आडनावासकट, पहिल्याच ओळीत, निम्म्या कंपनीला सीसी ठेवून.

अप्रेझलला मात्र जरा जास्त वेळ द्यावा लागेल. आधी सेल्फ अप्रेझलचा फॉर्म मनापासून भरा, वर्षभरात काय काय केलं ते आठवून आठवून लिहा, आकडे टाका, जुन्या मेल शोधा. रेटिंग आधीच ठरलेलं असतं हे खरं, पण म्हणून फॉर्म रिकामा सोडायचा का? मग बॉस तुम्हाला केबिनमध्ये बोलावून अगदी हळहळून सांगेल, की खरं तर तू 4 चा माणूस, मी खूप भांडलो तुझ्यासाठी, पण बेल कर्व्हमध्ये बसवावं लागलं म्हणून 3. आता हा कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना वरचं आणि ठरावीक टक्के लोकांना खालचं रेटिंग द्यायचंच हा हिशोब, काही निसर्गनियम नव्हे. जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकन कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी माणसांची वरचे 20 टक्के, मधले 70 आणि खालचे 10 अशी वाटणी करून ही पद्धत गाजवली, आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःकडचं तसलं रँकिंग 2013 मध्ये बंदही करून टाकलं. तुमच्या एचआरच्या एक्सेलमध्ये ते अजून ठणठणीत असेल तर प्रश्न विचारू नका, पाच जणांच्या टीममध्ये कुणीतरी एक नालायक निघालाच पाहिजे अशी श्रद्धा आहे, श्रद्धेला काय विचारणार.

प्रमोशन नाही मिळालं तर तो सगळ्यात मोठा सन्मान समजा. "तुला इथून हलवलं तर हे काम बघणार कोण?" म्हणजे तुम्ही इतके भारी आहात की आहे तिथेच राहणं भाग आहे. वर जायला थोडं कमी उपयोगाचं असावं लागतं, ते तुम्हाला जमलं नाही, यात बॉसचा काय दोष.

आता शेजारच्या खुर्चीकडे येऊ, कारण खरं घोडं तिथे पेंड खातं. जे. स्टेसी अ‍ॅडम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1963 मध्येच मांडून ठेवलंय, की माणूस नुसता आपला पगार बघत नाही, आपण किती राबलो आणि काय मिळालं याचा मेळ दुसऱ्याशी घालून बघतो, आणि तो जुळला नाही की बिनसतं. म्हणजे ज्या नवीन पोराला तुम्ही काम शिकवलं त्याचा पगार तुमच्यापेक्षा जास्त आहे हे कळलं की जेवण जात नाही. यावर कंपनीने किती साधा उपाय काढलाय बघा, पगार एकमेकांना सांगायचे नाहीत! पगार सारखे करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

आणि कारणं तर विचारूच नका. जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाचा 1990 चा एक अभ्यास आहे, कंपनी एकच, कारखाने तीन. त्यातल्या दोन ठिकाणी 10 आठवड्यांसाठी पगार 15 टक्के कापला, तिसऱ्या ठिकाणी नाही कापला. एका कारखान्यात नीट बसून सांगितलं की ही वेळ का आली, आकडे दाखवले, वाईट वाटतंय असंही बोलून दाखवलं, दुसऱ्यात थोडक्यात उरकलं. कपात दोन्हीकडे तेवढीच, पण जिथे उरकलं तिथे कारखान्यातल्या चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या. म्हणजे पैसे कापले ते एक वेळ सहन होतं, पण आपल्याला समोर बसवून सांगण्याच्या लायकीचंही समजलं नाही हे जास्त लागतं. पण तुमच्या बॉसला एवढा वेळ कुठून मिळायचा, तो "यंदा बजेट नाहीये" एवढं चालता चालता सांगून पुढे जाणार, आणि तुम्ही ते समजून घेणार. (हे एखादा बॉस वाचत असेल तर त्याने वरचं पुन्हा एकदा वाचावं, फुकटात होणारी गोष्ट आहे. बाकीच्यांनी पुढे चला.)

एवढं करूनही मनात खदखद राहिलीच, तर वार्षिक सर्व्हे आहे ना. तो पूर्ण निनावी असतो, फक्त डिपार्टमेंट, वय, कंपनीत किती वर्षं झाली आणि बॉस कोण एवढंच विचारतात. खुशाल खरं लिहा. पुढच्या टीम मीटिंगमध्ये "काही लोकांना मोकळेपणाने समोर येऊन बोलता येत नाही" असं म्हणताना बॉस नेमका तुमच्याकडे बघेल, तो योगायोग.

तरीही नाहीच वाटलं मोलाचं, तर शेवटचा उपाय एकच, राजीनामा टाका. त्याच दिवशी दुपारपर्यंत कदर सुरू होते. जो बॉस सहा महिने वेळ देत नव्हता तो स्वतः खुर्ची ओढून देतो, तुझ्याशिवाय टीम कशी चालणार म्हणतो, गेल्या वर्षी अशक्य असलेली वाढ संध्याकाळी शक्य होते, प्रमोशनचं पण "बघतोच मी" होतं. कोपराला लावलेला हा गूळ चाटायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर नोटीस पिरियडमध्ये तुमच्या कामाची यादी करायला सांगतील, ती पहिल्यांदाच कुणीतरी नीट वाचेल, आणि मग तुमच्या जागेसाठी दोन माणसं घ्यायचं बजेट मंजूर होईल.