दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा माणूस

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तापाने फणफणलेल्या पोराशी बोलावे इतक्या मायेने ते म्हणाले, "पावणं, तुमचा हात मागं पडतोय बगा. सगळ्यांच्या संगट वाजवा की." त्या क्षणी सभागृहात तीनशे माणसे टाळ्या वाजवत होती आणि त्यांपैकी दोनशे नव्व्याण्णव चुकीच्या मात्रेवर वाजवत होती, असे माझे मत होते. चुकणारा एकच आहे, असे काकांचे मत होते. लोकशाहीत त्यांच्या मताला वजन होते.

मी गेली पस्तीस वर्षे सोल आणि रॉक संगीताचा भक्त आहे. कोल्हापुरात हे सांगताना थोडा खुलासा करावा लागतो, कारण 'सोल' म्हटले की निम्म्या लोकांना चपलेचा तळ आठवतो आणि त्या विषयावर ते माझ्यापेक्षा अधिकारवाणीने बोलू शकतात. एकाने तर मला, घ्यायचाच तर कातड्याचा घ्या, रबरी सोलच्या नादाला लागू नका, असा प्रेमळ सल्लाही दिला होता. उरलेल्या निम्म्यांना मी सांगतो की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे भजन चालते, त्याच्याच चालीत आणि त्याच तळमळीने देवाच्या जागी प्रेयसीला आळवायला रे चार्ल्ससारख्या मंडळींनी १९५०च्या दशकात सुरुवात केली, आणि त्यातून हे संगीत उभे राहिले. एवढे ऐकल्यावर श्रोता "म्हणजे अभंगाच्या चालीवर लावणी" असे म्हणून मोकळा होतो. मला अद्याप याहून चांगली व्याख्या सुचलेली नाही.

या व्यसनाची सुरुवात १९८९ साली झाली. मुंबईच्या आतेभावाने मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी एक भरून आणलेली कॅसेट दिली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरमध्ये २४ ऑक्टोबर १९६२ रोजी जेम्स ब्राऊन या सोल गायकाचा जो कार्यक्रम झाला, त्याचे ते ध्वनिमुद्रण होते. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक सिड नेथन याला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती; लोकांनी आधीच घेतलेली गाणी ते पुन्हा कशाला विकत घेतील, असा त्याचा रोकडा हिशेब होता. तेव्हा ब्राऊनने स्वतःच्या खिशातून ५,७०० डॉलर घालून ते मुद्रण करवून घेतले, आणि ती तबकडी पुढे विक्रीच्या यादीत ६६ आठवडे ठाण मांडून बसली. या कॅसेटचा माझ्यावर झालेला परिणाम असा, की गाण्यांपेक्षा प्रेक्षकच मला जास्त पाठ झाले. कोणती बाई कोणत्या ओळीनंतर किंचाळते, कोणत्या विरामात सगळे थिएटर श्वास रोखते आणि टाळी नेमकी कुठे पडते, हे मी झोपेतही सांगू शकलो असतो. मी ती टाळी घरातल्या लोखंडी ट्रंकेवर घटवू लागलो. आईने दोन दिवस सहन केले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर सूप सरकवून ती म्हणाली, "सारखं सोल सोल करतोस ना? मग ह्या शेंगा सोल."

तर प्रश्न टाळीचा आहे. या संगीतात चार मात्रांचे एक आवर्तन धरले, तर पहिली आणि तिसरी मात्रा पायाची असते आणि दुसरी व चौथी हाताची. ड्रमवाल्याचा कडक ठोकाही या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच पडतो. मेम्फिस शहरात एका जुन्या सिनेमा थिएटरात थाटलेला स्टॅक्स नावाचा स्टुडिओ होता. तिथे १९६५ साली विल्सन पिकेट या गायकाचे एक गाणे मुद्रित होत असताना जेरी वेक्सलर हा निर्माता आपल्या खोलीतून बाहेर आला आणि दुसऱ्या मात्रेवर झोक कसा द्यायचा हे वादकांना समजावे म्हणून चक्क नाचून दाखवू लागला. अल जॅक्सन हा तिथला ड्रमवादक तेव्हापासून तो ठोका केसभर उशिरा मारू लागला, आणि त्या केसभर उशिरातच सगळी गंमत आहे. हे कळायला मला दहा वर्षे लागली. ते दुसऱ्याला समजावून सांगणे मात्र पुढच्या पंचवीस वर्षांत जमलेले नाही.

कारण आमचे गाव समेचे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचे आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथला देवल क्लब १८८३ पासून गाणे ऐकतो आहे आणि जिथे पेठेपेठेत भजनी मंडळ आहे, तिथल्या माणसाला पहिली मात्रा मोकळी सोडायला सांगणे म्हणजे पंगतीत पहिला घास सोडायला सांगण्यासारखे आहे. भजनातल्या केरवा तालात समेवर टाळी आणि मध्यावर काल, म्हणजे टाळीविना जाणारी मात्रा. आमच्या माणसांना उत्साह आला, की ती कालावरही टाळी मारतात. झाली पहिली आणि तिसरी! सोलच्या दृष्टीने ही टाळी उलटी आहे. अर्थात हा दोष जगभर पसरलेला आहे. हॅरी कॉनिक ज्युनियर या अमेरिकन पियानोवादकाने एका मैफलीत अशा उलट्या टाळ्या ऐकल्यावर वाजवता वाजवता एक जादा मात्रा गुपचूप घुसवली. प्रेक्षक आपल्या नादात वाजवत राहिले आणि त्यांच्या नकळत योग्य जागी येऊन पोहोचले. शिवाय १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ नुसती वाद्ये जुळवत होते, तेव्हा तिथल्या श्रोत्यांनी राग संपल्यासारखा टाळ्यांचा कडकडाट केला होता. म्हणजे टाळीच्या बाबतीत दोन्ही देशांचा हिशेब तसा फिटलेला आहे.

खऱ्या प्रेक्षकांत उभे राहून एकदा तरी बिनचूक टाळी वाजवावी म्हणून मी मागे एका परदेशी रॉक बँडच्या कार्यक्रमाला नवी मुंबईपर्यंत गेलो होतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, नंतर भर दुपारी स्टेडियमच्या दारात रांग आणि आत गेल्यावर गवतावर पाच तास उभे राहणे, असा तो क्रम होता. त्या वयात माझे गुडघे मला अहोजाहो करू लागले होते. रंगमंच आमच्यापासून इतका दूर होता, की गायक आगपेटीतल्या काडीएवढा दिसत होता आणि त्याचे डोकेही काडीच्याच रंगाचे होते. आवाजाची तक्रार मात्र कोल्हापूरकराने करू नये. द हू या ब्रिटिश बँडने ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावर ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज काढला होता आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली होती. विसर्जनाच्या रात्री मिरजकर तिकटीला डॉल्बी ३२ मीटरवर असेल, तर आमच्याकडे तो लांब गेला असे म्हणतात.

अडचण निराळीच निघाली. गाण्याची लय अशी होती, की एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होत होती, आणि आवाज अर्ध्या सेकंदात १७० मीटर जातो. आम्ही साधारण तेवढ्याच अंतरावर उभे होतो. मैदानाच्या मध्यावरच्या खांबांना लावलेले स्पीकर मूळ आवाजाशी जुळावेत म्हणून मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवले जातात, त्यामुळे कानांची सोय झाली होती. परंतु मोठ्या पडद्यावर दिसणारा ड्रमवादक कोणाचीही वाट न पाहता एक मात्रा आधीच ठोका मारून मोकळा होत होता. परिणामी आमच्या भागात डोळ्यांनी टाळी वाजवणारे आणि कानांनी टाळी वाजवणारे असे दोन पक्ष पडले आणि मी आयुष्यात प्रथमच अचूक दुसऱ्या मात्रेवर असूनही बरोबर अर्ध्या स्टेडियमच्या विरोधात होतो. त्यातच माझ्या उजव्या कानाशी एक तरुण प्रत्येक गाणे मूळ गायकापेक्षा मोठ्याने म्हणत होता, आणि त्याने त्या गायकापेक्षा निम्म्यानेच सराव केलेला होता. पहाटे परतीच्या वाटेवर मी पाय दाबत बसलो असताना सौभाग्यवतींनी निकाल दिला, "एवढे पैसे घालून एवढ्या लांब आलात आणि शेवटी टीव्हीच बघितलात."

त्यामुळे २०२४च्या डिसेंबरात एक सोल गाणारा बँड खुद्द कोल्हापुरातच येत असल्याचे कळले, तेव्हा मी पहिले तिकीट काढले. केशवराव भोसले नाट्यगृह त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री आगीत जळाले होते आणि त्याची हळहळ गावात अजून ओली होती, म्हणून कार्यक्रम एका लहान सभागृहात ठेवलेला होता. गायक मुंबईचा, चर्चच्या गायनवृंदात वाढलेला, पन्नाशीचा आणि भरल्या अंगाचा होता. पहिला सूर लागण्याआधी दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले आणि बँडमधल्या सातही जणांना फेटे बांधण्यात आले. ड्रमवादकाचा फेटा पुढे सगळ्या कार्यक्रमभर भुवईपर्यंत उतरत राहिला आणि तो दर आवर्तनाच्या शेवटी हनुवटी वर करून समोर बघत असे. प्रमुख पाहुण्यांना 'सोल'चा अर्थ कोणीतरी शब्दकोशातून काढून दिलेला असावा, कारण ते वीस मिनिटे आत्म्याच्या अमरत्वावर बोलले. गायकाने ते सगळे हात जोडून ऐकले. त्याच्या खांद्यावर शाल घालण्यात आली होती आणि ती काढून ठेवणे अपमानाचे होईल, या भीतीने तो बिचारा शालीतच गायला उभा राहिला.

आता पुढे जे घडले, त्यासाठी जेम्स ब्राऊनची एक जुनी लकब माहीत असावी लागते. कार्यक्रमाच्या शेवटी व्याकूळ गाणे म्हणता म्हणता तो गुडघ्यांवर कोसळत असे, मग डॅनी रे नावाचा त्याचा निवेदक येऊन त्याच्या खांद्यांवर एक झगझगीत झूल घालत असे आणि त्याला आधार देऊन आत नेऊ लागत असे. दोन-चार पावले जाताच ब्राऊन ती झूल झटकून पुन्हा माइककडे धावत असे आणि पुन्हा कोसळत असे. हे नाटक तो वर्षानुवर्षे करत होता आणि दर वेळी लोक वेडे होत होते.

आमचा गायक तिसऱ्या गाण्याच्या भरात गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या खांद्यावरची शाल घसरून खाली पडली. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष बसले होते. वय ऐंशीच्या आसपास, पांढरे धोतर, काळी टोपी. घामाघूम झालेला माणूस जमिनीवर बसलेला पाहून ते तातडीने उठले, कडेच्या पायऱ्यांवरून मंचावर गेले, शाल उचलून त्यांनी त्याच्या खांद्यांवर नीट पांघरली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गायकाने वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी पाचव्या रांगेतून स्पष्ट पाहिले. पस्तीस वर्षे ज्या क्षणाची वाट पाहावी आणि तो फुकट अंगावर यावा, तसे ते होते. तो उठला, अध्यक्षांच्या खांद्याला धरून दोन पावले चालला, शाल भिरकावून माइककडे धावला आणि पुन्हा कोसळला. अध्यक्षांनी शाल पुन्हा आणून घातली. तिसऱ्या वेळी ते पाण्याची बाटली घेऊन आले आणि विंगेकडे पाहून खुर्ची मागू लागले. मागून कोणीतरी "नाद खुळा!" अशी आरोळी ठोकली आणि सगळे सभागृह उठून टाळ्या वाजवू लागले, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर.

मी एकटा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजवू लागलो. लोक हळूहळू खाली बसले, पण टाळ्या चालूच राहिल्या, आणि तेव्हाच काकांचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"काका, या गाण्यात अशीच वाजवतात," मी म्हणालो.

"शिवाजी पेठेत चाळीस वर्सं पखवाज वाजवतोय मी," ते शांतपणे म्हणाले. "समेवर मारा. पयली धरली की बाकीचं आपोआप येतंय."

यावर माझ्याजवळ उत्तर होते, पण ते माझ्याच विरोधात जाणारे होते. खुद्द जेम्स ब्राऊनने १९६० च्या दशकात आपले संगीत पालटले, तेव्हा सगळ्या बँडला हेच सांगितले होते, की पहिली मात्रा धरा, सगळा जोर पहिलीवर. चुकणाऱ्या वादकाला तो दंडही करत असे. शिवाजी पेठेतले काका आणि हार्लेममधला ब्राऊन एका बाजूला, आणि मी ट्रंकेवर शिकलेला माणूस दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. हाताची टाळी तरीही दुसरीवरच पडते, हे काकांना पटवायला सभागृहात फळा नव्हता. मी काहीच न बोलता हट्टाने वाजवत राहिलो. काकांनी माझ्या पलीकडे बसलेल्या सौभाग्यवतींकडे सहानुभूतीने पाहिले. तिनेही मान हलवली.

इतक्यात ऑर्गनवाल्याने मान वर करून प्रेक्षकांकडे पाहिले, ड्रमवाल्याने हनुवटी वर केली, दोघांची नजरानजर झाली आणि आवर्तनाच्या शेवटी एक जादा मात्रा अशी अलगद येऊन बसली, की मऊ भातात तूप जिरावे. तीनशे माणसे आपल्याच तालात वाजवत राहिली आणि आता ती सगळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर होती. ड्रमचा ठोका आणि टाळ्या एकावर एक पडू लागल्या. गायक फेट्यासकट हसत होता. माझा हात मात्र एकाएकी पहिलीवर आला होता, म्हणून मी लगेच एक मात्रा हात थांबवला आणि सगळ्यांच्या बरोबर झालो.

काकांनी दोन आवर्तने कान देऊन ऐकले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"आत्ता कसं, पावणं! बसला बगा हात."