उघडून दाखवा

गेल्या मंगळवारी माझ्या कोऱ्या करकरीत पंचवीस फिल्मा एका माणसाने थुंकी लावून मोजल्या. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

फिल्म होती इल्फर्डची ‘ऑर्थो प्लस’, चार बाय पाच इंचांची, म्हणजे रोल नव्हे, तर एकेक सुटी शीट, जी होल्डरमध्ये सरकवताना कोपऱ्यातली खाच बोटाने चाचपून सुलटी बाजू ओळखायची असते. नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळेच रंग दिसतात, म्हणून तिला मिट्ट काळोख लागतो. ऑर्थोला निळे-हिरवे दिसते, पण तांबड्याच्या बाबतीत ती ठार आंधळी असते, त्यामुळे गडद लाल दिव्यात ती आपल्या डोळ्यांदेखत धुता येते. वीस वर्षे डार्करूममध्ये आंधळी कोशिंबीर खेळलेल्या माणसाला हे सुख केवढे वाटते, ते इतरांना कळणार नाही. एके काळी उटीच्या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाची फिल्म तयार होत असे. तो कारखाना बंद पडला आणि आता काळ्या-पांढऱ्या चित्रासाठीसुद्धा परदेशाकडे तोंड करावे लागते. परदेशाकडे तोंड केले की वाटेत पार्सल तपासणीचे टेबल येते.

टेबलामागचे गृहस्थ अत्यंत सौम्य होते, आणि हीच खरी अडचण होती. उद्धट माणसाशी निदान भांडता तरी येते.

“यात काय आहे?”

“फिल्म आहे, साहेब. फोटोची. कोरी.”

“कोरी आहे ना? मग बघितली म्हणून काय बिघडतं?”

“उजेड लागला की ती खराब होते.”

“असं कसं? फोटो उजेडातच काढतात ना?”

रासायनिक थर, चांदीचे क्षार, सेकंदाच्या शंभराव्या भागाचा उजेड आणि ट्यूबलाइटचा उजेड यांतला फरक, असे सगळे मी त्यांना जमेल तितक्या सोप्या मराठीत सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे अंधारातच उघडायची. मग आत काय आहे ते मला दिसणार कसं?”

या प्रश्नापुढे मी खरोखर निरुत्तर झालो. तरी बुडत्याने काडी धरावी तसा म्हणालो, “अगदी अंधारच हवा असं नाही. गडद लाल दिवा असला तरी चालेल.”

गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांच्या डोक्यावर भिंतीला गणपतीची तसबीर होती आणि तिच्यापुढे झिरोचा लाल बल्ब मिणमिणत होता. “हा काय लाल दिवा! याच्याखालीच उघडतो. बाप्पासमोर कुणाचं वाईट होत नाही.”

“पण साहेब, वरची ट्यूब बंद करावी लागेल.”

“ट्यूब बंद केली तर बाकीच्यांनी कामं कशी करायची?”

बाकीचे सगळे चहाला गेले होते. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांना उजेड मिळावा म्हणून ट्यूब तशीच राहिली. गृहस्थांनी एकात एक बसवलेली तिन्ही झाकणे काढली, आतले काळे पाकीट फाडले, “पंचवीस लिहिलंय, मोजायला हवेत,” असे म्हणून उजवा अंगठा जिभेला लावला आणि नोटांचे बंडल मोजावे तसे मोजायला सुरुवात केली. चोवीस भरल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. दुसऱ्या वेळी हिशेब जुळला, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक आनंद झाला.

“बघा, सगळ्या कोऱ्याच आहेत. कुठं काय खराब झालं?” असे म्हणून त्यांनी खोक्यावर ‘तपासले’ असा शिक्का मारला आणि शुल्काची पावती माझ्या हातात ठेवली. खराब झालेल्या मालावर शुल्क कशासाठी, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. घरी पोहोचल्यावर मात्र ते भरपूर आले.

रात्री लाल दिव्यात, केवळ खात्री करून घ्यावी म्हणून, त्यांतली एक शीट मी डेव्हलपरमध्ये टाकली. पाहता पाहता ती तव्यासारखी काळीकुट्ट झाली. फक्त एका कोपऱ्यात, खाचेच्या जरा खाली, एक अंगठा फिकट उमटला होता. फिल्मच्या तपशील टिपण्याच्या ताकदीविषयी जे काही ऐकले होते, ते सगळे खरे होते. रेघ न् रेघ मोजता येत होती.