पालकांना सोबत आणावे

पन्नाशी जवळ आली असताना अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करावी, अशी सुबुद्धी आपल्याला झाली असेल, तर प्रथम हार्दिक अभिनंदन. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच सोडून पुन्हा परतण्याची मुभा दिलेलीच आहे. त्यातून आपला जिल्हा सातारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवले ते इथे, आणि प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम 1959 साली सुरू झाली तीही इथेच. तेव्हा पोवई नाक्यावर रिक्षातून उतरताना आपले स्वागत होईल, अशी आशा बाळगायला हरकत नाही. ती प्रवेशाच्या खिडकीपर्यंत व्यवस्थित टिकते.

शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा आणि आधार कार्ड सासरच्या नावाचे असेल, तर या दोन्ही बायका आपणच आहोत, याचा पुरावा आधीच जमवून ठेवावा.

गॅप सर्टिफिकेटसाठी प्रतिज्ञापत्र करताना कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहावे. दोन बाळंतपणे, सासूबाईंचे अंथरुणावरचे आजारपण, दिरांचे लग्न आणि घराचे कर्ज हे सगळे त्यात मावते, कारण त्याहून अधिक लिहायला तिथे जागाच ठेवलेली नाही.

सर्व्हरविषयी काही लिहीत नाही.

पहिल्या दिवशी आपण वर्गात शिरताच सगळी मुले उठून उभी राहतील. त्यांना बसायला सांगून आपण निमूटपणे मागच्या बाकावर जाऊन बसावे.

आता पालकांविषयी. अर्जात पालकांचे नाव, पालकांचे वार्षिक उत्पन्न आणि पालकांचा मोबाइल क्रमांक या तिन्ही रकान्यांपुढे तांबडी चांदणी असते, म्हणजे ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्याने एक आणि पालकांनी एक द्यायचे असते. नियम चांगल्या हेतूनेच केलेला आहे. फक्त त्यामुळे सत्तेचाळीस वर्षांची बाई अठरा वर्षांच्या पोरांना छळणार नाही, याची हमी तिच्या वडिलांनी द्यावी लागते. माझे वडील हयात नाहीत. आई कोरेगावला असते, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला अजून नीट दिसत नाही, आणि तिच्या फोनवर आलेला ओटीपी शेजारच्या मुलाने वाचून सांगेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. ही अडचण खिडकीतल्या साहेबांना सांगितली, तेव्हा माझ्या थोरल्या मुलाच्या वयाच्या त्या साहेबांनी संगणकावरची नजर न हलवता तोडगा काढला, “मग मिस्टरांची सही आणा, काकू.”

त्याच आठवड्यात सांगलीला अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या धाकट्याच्या अर्जावर पालक म्हणून मी सही केली होती, आणि ती निमूटपणे चालली होती. म्हणजे मुलाची हमी मी घ्यायची, आणि माझी हमी नवऱ्याने! उद्या नवऱ्याला शिकावेसे वाटले, तर त्याच्याकडे कोणी “मिसेसची सही आणा” म्हणून मागणार आहे का?

साहेब, नवरा बायकोचा पालक नसतो. कोणत्या नियमात तसे लिहिले आहे, ते दाखवा. नाही दाखवता येणार, कारण ते तुम्ही पदरचे घातलेत. जन्मतारीख तुमच्याच अर्जात वरच्या ओळीत लिहिलेली असते, ती वाचून हे माणूस सज्ञान आहे, एवढे ओळखायला कोणती समिती नेमावी लागते? मी भांडले, वर जाऊन प्राचार्यांना भेटले, म्हणून माझा अर्ज घेतलात. माझ्या मागे उभी असलेली बाई हे सगळे ऐकून कागद पिशवीत घालून निघून गेली, आणि तुम्ही बसल्या जागेवरून “नेक्स्ट” म्हणालात. आजीवन शिक्षणाचे फलक लावायला तुमच्याकडे पैसे आहेत, मग अर्जातला एक रकाना बदलायला काय धाड भरली आहे? पुढच्या जूनपर्यंत तो बदला. आणि काकू म्हणायचेच असेल, तर निदान मान वर करून म्हणा.